जुन्या ब्रिटिश रेल्वे फोटोतलं इंजिन आणि ठिकाण ओळखायचं कसं

जुन्या ब्रिटिश रेल्वेचा फोटो हाती लागतो तेव्हा त्याच्या मागे बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असलंच, तर ते फोटो काढणाऱ्याने लिहिलंय की तीस वर्षांनी विकणाऱ्याने, हे कळायला मार्ग नसतो. विकणाऱ्याला प्रत्येक मोठं इंजिन ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ वाटतं आणि प्रत्येक काचेच्या छताचं स्टेशन लंडनमधलं. तेव्हा मागची ओळ वाचा, टिपून ठेवा, पण तिच्यावर विसंबू नका.

नवा माणूस आधी इंजिनाच्या मागे लागतो. माझा सल्ला वेगळा आहे: आधी काळ, मग इंजिन, शेवटी ठिकाण. काळ ठरला की कोणत्या कंपनीचे कोणते आकडे शक्य आहेत ते आपोआप आटोक्यात येतं. काळ ठरवताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची. फोटोत एखादी नवी गोष्ट दिसली, तर ‘याच्या आधीचा नाही’ ही हद्द पक्की. जुनी गोष्ट दिसली, तर ‘याच्या नंतरचा नाही’ ही हद्द कच्ची, कारण जुना रंग आणि जुनी अक्षरं पुढच्या रंगकामापर्यंत तशीच राहायची. १९४८ मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी त्यानंतर कितीतरी दिवस टेंडरवर (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्यावर) जुन्या कंपनीची अक्षरं घेऊन इंजिनं धावत होती.

स्कॅन आणि उलटा फोटो

मोबाइलने फोटोचा फोटो काढून काम भागत नाही. छापील प्रत असेल तर किमान ६०० डीपीआयला स्कॅन करा, निगेटिव्ह असेल तर त्याहून बरंच जास्त. कडा कापू नका. कोपऱ्यातला अर्धवट सिग्नल किंवा कुंपणाचा तुकडाच पुढे कामी येतो. मागची बाजूही स्कॅन करा, तिथे छायाचित्रकाराचा शिक्का किंवा निगेटिव्हचा क्रमांक असू शकतो. पोस्टकार्ड असेल तर मागचा भाग मधे रेघ मारून दोन भागांत वाटलेला आहे का ते बघा. ब्रिटनमध्ये ती पद्धत १९०२ साली सुरू झाली. अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर कार्ड १९१८ च्या जूनच्या आधी टपालात पडलेलं असायची शक्यता दाट, कारण तेव्हा दर एक पेनी झाला. अर्थात पोस्टाचा शिक्का कार्ड कधी पाठवलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही.

मग फोटो उलटा छापलेला नाही ना, ते तपासा. काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो सर्रास सापडतात. आकडे आणि पाट्या वाचता आल्या तर प्रश्न मिटला. नाही आल्या तर रूळ बघा. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच गाडी डाव्या बाजूने चालते. म्हणजे दुहेरी मार्गावर तुमच्याकडे येणारी गाडी फोटोत तुमच्या उजव्या हाताच्या रुळांवर हवी. ती डाव्या रुळांवर दिसली, तर एक तर काहीतरी खास कारण आहे, नाहीतर फोटो उलटा आहे.

कृष्णधवल फोटोत रंगाचा अंदाज बांधताना जपून. जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे मिडलँड रेल्वेचं किरमिजी इंजिन त्यांच्यावर काळंकुट्ट उतरतं. ‘काळं दिसतंय म्हणजे मालगाडीचं इंजिन’ हा निष्कर्ष काढू नका.

काळाचे चार कप्पे

ब्रिटिश रेल्वेचा इतिहास फोटोच्या कामापुरता चार कप्प्यांत बसतो. १९२३ पूर्वी शंभराहून जास्त लहानमोठ्या कंपन्या होत्या. १ जानेवारी १९२३ पासून त्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या: ग्रेट वेस्टर्न, एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश), एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न) आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ पासून सगळं मिळून ब्रिटिश रेल्वेज. आणि ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली, पुढे डिझेल आणि वीज.

टेंडरवरची अक्षरं आणि चिन्हं हा सगळ्यात सोपा पुरावा. १९४८ नंतर आधी नुसतं ‘ब्रिटिश रेल्वेज’ असं नाव, १९४९ पासून चाकावर उभा असलेला सडपातळ सिंह, आणि १९५६ पासून मुकुटातून वर आलेला, पंजात चाक धरलेला सिंह. दुसऱ्या सिंहाची एक गंमत आहे. सुरुवातीला तो इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पुढेच तोंड करून असे, म्हणजे एका बाजूला उजवीकडे बघणारा. राजचिन्हांचा कारभार बघणाऱ्या कॉलेज ऑफ आर्म्सने मान्यता दिली होती ती फक्त डावीकडे बघणाऱ्या सिंहाला. मग काही वर्षांत उजवा सिंह बंद झाला. भिंगाखाली सिंहाचं तोंड बघणं हा वेळेचा अपव्यय नाही.

एक फसवी खूण: टेंडरवर नुसतं ‘एनई’ दिसलं की लोक १९२३ पूर्वीची नॉर्थ ईस्टर्न रेल्वे समजतात. दुसऱ्या महायुद्धात एलएनईआरने आपली अक्षरं आखडून तेवढीच ठेवली होती. इंजिन मळकट असेल, स्टेशनच्या खांबांना आणि फलाटाच्या कडेला ब्लॅकआउटसाठी पांढरे पट्टे मारलेले असतील, स्टेशनचं नाव कुठेच नसेल, तर ते युद्धकाळातलं. १९४० मध्ये शत्रू उतरला तर त्याला वाट कळू नये म्हणून नावाचे फलक काढले होते.

डब्यांकडेही बघा. दरवाजावर ‘३’ असेल तर फोटो बहुधा १९५६ च्या जूनआधीचा, कारण तेव्हा तिसऱ्या वर्गाचं नाव बदलून दुसरा वर्ग केलं. ही कच्ची हद्द. इंजिनाच्या केबिनवर तिरका जाड पट्टा दिसला तर ती मात्र पक्की हद्द: १९६४. क्रू या जंक्शनच्या दक्षिणेला विजेच्या तारांखाली जायला मनाई असलेल्या इंजिनांवर तो पिवळा पट्टा ओढत. डिझेल इंजिनाच्या तोंडावरच्या चौकटीत गाडीचा चार अक्षरी क्रमांक असेल तर साधारण १९६० ते १९७५. तिथे चार शून्यं किंवा नुसते दोन पांढरे ठिपके असतील तर १९७६ किंवा नंतर.

आता इंजिन

आधी चाकं मोजा. पुढची लहान चाकं, मग दांड्याने जोडलेली मोठी चाकं, मग मागची लहान, अशा क्रमाने. आपल्याकडची डब्ल्यूपी ४-६-२, तशीच ब्रिटनची मोठी एक्सप्रेस इंजिनं ४-६-२ किंवा ४-६-०. मालगाडीची साधी इंजिनं ०-६-०. पाणी वेगळ्या टेंडरमध्ये आहे की बॉयलरच्या दोन्ही अंगांना टाक्यांत, ते लिहा. टाक्या जमिनीपासून उंच, बॉयलरला टांगल्यासारख्या असतील तर ग्रेट वेस्टर्नची पॅनियर टँक समजायला हरकत नाही.

मग आकडा. ब्रिटिश रेल्वेजने १९४८ मध्ये सोपा हिशेब केला. सदर्नच्या इंजिनांच्या जुन्या आकड्यात ३०,००० मिळवले, एलएमएसच्या ४०,०००, एलएनईआरच्या ६०,०००. ग्रेट वेस्टर्नचे आकडे तसेच ठेवले, कारण ते केबिनवर पितळी पाट्यांत ओतलेले होते. नवीन बांधलेली ‘स्टँडर्ड’ इंजिनं ७०,००० पासून पुढे. म्हणून पाच आकडी क्रमांक दिसला की पहिल्या आकड्यावरून मूळ घराणं कळतं. पाचाऐवजी चारच आकडे आणि समोर गोल दारावर ओतीव नंबरपाटी असेल, तर तो बहुधा राष्ट्रीयीकरणानंतरचा ग्रेट वेस्टर्न. त्याआधी ग्रेट वेस्टर्नचा समोरचा आकडा बफरच्या लाल तुळईवर रंगवलेला असे.

फ्लाइंग स्कॉट्समनचंच उदाहरण घ्या. १९२३ मध्ये १४७२, पुढच्या वर्षी ४४७२, १९४६ मध्ये आधी ५०२ आणि मग १०३, १९४८ मध्ये काही काळ ‘ई १०३’ आणि शेवटी ६०१०३. धुराड्याच्या दोन बाजूंचे धूर वळवणारे पत्रे १९६१ मध्ये आले. नुसता आकडा आणि ते पत्रे एवढ्यावर फोटोचं दशक सांगता येतं.

१९४८ पूर्वीच्या फोटोत मात्र एकच आकडा दोन-तीन कंपन्यांकडे असू शकतो. ५००० हा आकडा ग्रेट वेस्टर्नच्या ‘लॉन्स्टन कॅसल’चा, आणि एलएमएसच्या ‘ब्लॅक फाइव्ह’ वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या इंजिनाचाही. दोन्ही ४-६-०. त्यातून ब्लॅक फाइव्ह बनवणारे स्टॅनियर १९३२ मध्ये स्विंडनच्या ग्रेट वेस्टर्न कारखान्यातूनच एलएमएसमध्ये आलेले. त्यामुळे मागे निमुळता होत गेलेल्या बॉयलरचा घाट तोच, आणि पहिल्या ब्लॅक फाइव्हना बॉयलरवर घुमटही नव्हता. मग भेद कुठे? कॅसलच्या धुराड्याच्या ओठाला तांब्याची कड आणि बॉयलरच्या मध्यावर पितळेचं चकचकीत टोपण असतं. कृष्णधवल फोटोतही ते दोन ठिकाणी लखलखतात. आणि चाकांकडे बघा: ब्लॅक फाइव्हच्या चाकांवर वाफेच्या झडपा हलवणाऱ्या दांड्यांचं जाळं बाहेर दिसतं, कॅसलचं ते सगळं चौकटीच्या आत लपलेलं, म्हणून चाकं सुटसुटीत दिसतात. ही एक जोडी नीट शिकलात की ग्रेट वेस्टर्न ओळखायला परत अडणार नाही.

आकडा वाचला म्हणजे संपलं असंही नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये सहाव्या जॉर्ज राजाच्या अंत्ययात्रेच्या गाडीला ‘विंडसर कॅसल’ हे ४०८२ क्रमांकाचं इंजिन हवं होतं, पण ते तेव्हा कामाला उपलब्ध नव्हतं. मग ७०१३ ‘ब्रिस्टल कॅसल’वर त्याच्या पाट्या चढवल्या आणि त्या पुन्हा कधीच बदलल्या नाहीत. म्हणजे १९५१ मधलं ४०८२ आणि १९५३ मधलं ४०८२ ही दोन वेगळी यंत्रं.

कंपनीच्या कारखान्याबाहेर बांधलेल्या इंजिनावर बांधणाऱ्याची छोटी पाटी असते, आणि ती वाचता आली नाही तरी आकार कामाला येतो. ग्लासगोच्या डब्स कंपनीची पाटी शंकरपाळ्यासारखी, ती दुरूनही चुकत नाही.

शेड, दिवे आणि पांढऱ्या तबकड्या

समोरच्या गोल दाराच्या खालच्या कडेला एक लहान लंबगोल पाटी असते. ही पद्धत एलएमएसवर आधीपासून होती, राष्ट्रीयीकरणानंतर सगळीकडे आली. तिच्यावर इंजिनाच्या घराचा, म्हणजे शेडचा संकेत असतो: ३४ ए म्हणजे किंग्ज क्रॉस, ८१ ए ओल्ड ओक कॉमन, ७० ए नाइन एल्म्स, ५० ए यॉर्क, ५ ए क्रू नॉर्थ. काही संकेत मधेच बदलले, त्यामुळे ते तारखेलाही उपयोगी पडतात. ग्रेट वेस्टर्नच्या काळात हीच माहिती पुढच्या तुळईमागे बाजूच्या पत्र्यावर अक्षरांत रंगवलेली असे, पॅडिंग्टनसाठी पीडीएन, स्विंडनसाठी एसडीएन. इंजिन रोज शेडच्या आसपासच काम करत असे असं नाही. मोठ्या एक्सप्रेसचं इंजिन दिवसभरात दोनशे मैल लांब जाई. पण छोटं टँक इंजिन सहसा घर सोडून फार लांब जात नाही, आणि तिथे शेडची पाटी सोन्यासारखी.

समोरचे दिवे गाडीचा वर्ग सांगतात. दोन्ही बफरांवर एकेक दिवा म्हणजे एक्सप्रेस प्रवासी गाडी, धुराड्याच्या पायथ्याशी एकच म्हणजे थांबत जाणारी प्रवासी गाडी. सदर्नवर मात्र पांढऱ्या तबकड्या लावत आणि त्या गाडीचा वर्ग नव्हे, मार्ग सांगत. तबकड्या दिसल्या की बहुतेक वेळा आपण इंग्लंडच्या दक्षिणेत आहोत.

ठिकाण

इथे इंजिनाकडे पाठ फिरवायची. कागदाच्या तुकड्याने ते झाका आणि उरलेला फोटो बघा.

प्रथम सिग्नल. गाडीला वाट देताना हात खाली पडतो की वर उठतो? १९२० च्या दशकानंतर बहुतेक कंपन्यांनी वर उठणारे हात आणले, ग्रेट वेस्टर्नने खाली पडणारेच ठेवले. तिसरा, विजेचा रूळ बाजूने धावतोय का? असेल तर सदर्न किंवा मोजके इतर विभाग. आणखी एका गोष्टीने तर काळच ठरतो: रुळांमधलं अंतर डोळ्यांना खुपण्याइतकं रुंद असेल तर ते ग्रेट वेस्टर्नचं सात फुटी ब्रॉडगेज, आणि ते मे १८९२ मध्ये संपलं.

मग सिग्नल केबिन, फलाटाच्या छपराची झालर, पादचारी पूल, पाण्याची टाकी. हे प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असे. मिडलँडच्या लाकडी केबिनला चारी बाजूंनी उतरतं छप्पर. केबिनवर नावाची पाटी असते, आणि स्टेशनचं नाव वाचता येत नसलं तरी केबिनच्या पाटीवरची दोन अक्षरं कधीकधी सुटतात.

मालडब्यांवर लिहिलेल्या गावांवरून ठिकाण ठरवू नका. कोळशाच्या व्यापाऱ्यांचे खासगी डबे देशभर फिरत, वेल्समधलं नाव लंडनच्या यार्डात दिसणं रोजचंच.

काही ठिकाणं पाहताक्षणी कळावीत इतकी वेगळी आहेत. डॉलिशचा समुद्रालगतचा बांध आणि तांबड्या खडकातले बोगदे, रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल, सॉल्टॅशच्या पुलाच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत त्याचा अभियंता ब्रुनेलचं नाव, न्यूकॅसल स्टेशनच्या पूर्व टोकाला किल्ल्याखाली एकमेकांना कापणाऱ्या रुळांचं जाळं. यांचे फोटो एकदा बघून ठेवा.

बाकी सगळं काम नकाशावर. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंड-वेल्सचेही, आणि शेजारी आजचं उपग्रहचित्र लावता येतं. पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) नकाशात सिग्नलचे खांब, केबिन, पादचारी पूल इतकं सगळं आहे. फोटोतून साधं रेखाचित्र काढा: किती रूळ, वळण कुठल्या हाताला, पूल रुळांवरून की खालून, चर्चचा मनोरा कुठल्या बाजूला. त्याच्याशी नकाशा ताडून बघा. सावलीने दिशा मिळते, कारण तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो. उंचावरून काढलेले जुने फोटो ‘ब्रिटन फ्रॉम अबव्ह’ या संग्रहात मिळतात, १९१९ पासूनचे.

एक फोटो सोडवून बघू

समजा, असा फोटो आहे. ०-४-२ चाकांचं लहानसं टँक इंजिन, समोर पाटीवर १४ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक, खाली ८३ सी. मागे एकच प्रवासी डबा आणि त्याच्यामागे दुधाच्या टाक्या. पार्श्वभूमीला कारखान्यासारखी इमारत.

आकडे चारच, म्हणजे ग्रेट वेस्टर्न. हा वर्ग १९३२ मध्ये ४८०० पासूनच्या आकड्यांत आला आणि १९४६ मध्ये १४०० पासूनचे आकडे मिळाले. समोर ओतीव पाटी आहे, म्हणजे १९४८ नंतर. समजा बाजूच्या टाकीवर दुसरा सिंह आहे, म्हणजे १९५६ नंतर. ८३ सी म्हणजे एक्सेटर. तिथली ही इंजिनं टिव्हर्टनच्या फाट्यावर, एक्स नदीच्या खोऱ्यात आणि कल्म नदीच्या खोऱ्यातल्या हेमयॉकच्या फाट्यावर चालत. पहिल्या दोन ठिकाणी बहुधा इंजिन आणि मागे-पुढे दोन्हीकडून चालवता येणारा ‘ऑटो’ डबा. इथे डबा तसा नाही आणि दुधाच्या टाक्या त्याच गाडीला जोडलेल्या. हेमयॉकला फलाटाशेजारीच दूध कारखाना होता. तिथली गाडी इतकी सावकाश जाई की डब्याच्या डायनामोने बॅटरी भरत नसे, म्हणून दीर्घकाळ गॅसच्या दिव्यांचे जुने डबे वापरत. छपरावर दिव्यांची टोपणं दिसली तर संशय आणखी फिटला. प्रवासी वाहतूक सप्टेंबर १९६३ मध्ये बंद झाली, दूध पुढेही जात राहिलं. म्हणजे फोटो १९५६ ते १९६३. मग नकाशा उघडून कारखाना आणि रूळ ताडून बघायचे, आणि जुळले तर हेमयॉक.

यात कुठेही इंजिनाचा शेवटचा आकडा वाचावा लागला नाही.

बार्शीकडे बोट दाखवणारा सापळा

मराठी वाचकाला एक फोटो हमखास चकवतो. अरुंद गेज, पुढे भलामोठा हेडलॅम्प, केबिनवर ऊन अडवायला दुहेरी छप्पर. आपण म्हणणार बार्शी लाइट. पण आजूबाजूला हिरवी टेकडी आणि इंग्लिश दगडी घरं असतील, तर ती स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४ ते १९३४. दोन्हींचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, गेज तोच अडीच फुटी. १८९७ च्या बार्शी लाइटवरचे धडे त्यांनी तिथे लावले, आणि इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात भारतातल्यासारख्या थाटात बांधली गेली. तिथे उलगडा करणारी खूण म्हणजे छोट्या गाडीवर चढवलेले मोठ्या गेजचे मालडबे.

उलटंही होतं. ब्रिटनच्या कारखान्यात बांधलेली भारतातल्या जीआयपी किंवा बीबीसीआय रेल्वेची इंजिनं निघण्याआधी करड्या रंगात रंगवून फोटो काढत, आणि पार्श्वभूमी निगेटिव्हवर पांढरी करून टाकत. असा फोटो ‘ब्रिटिश इंजिन’ म्हणून विकला जातो. पुढचा काऊकॅचर आणि टेंडरवरची अक्षरं बघा. अशा फोटोत ठिकाण शोधत बसू नका, ते कारखान्याचं अंगण असतं.

नोंद कशी लिहायची

जे दिसलं ते आणि जे ताडलं ते वेगळं लिहा. उदाहरणार्थ: ‘ग्रेट वेस्टर्न १४०० वर्ग, शेवटचे दोन आकडे अस्पष्ट, शेड ८३ सी. हेमयॉक (नकाशाशी जुळतं). १९५६ ते सप्टेंबर १९६३, चिन्हावरून आणि प्रवासी डब्यावरून.’ आकडा अर्धा वाचला असेल तर न दिसलेल्या आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने भरू नका. जाणकाराला विचारायचं असेल तर न कापलेला पूर्ण स्कॅन, मागची बाजू आणि आतापर्यंतची ही नोंद, तिन्ही एकत्र पाठवा. लिहायला पेन्सिल वापरा आणि ती प्रतीच्या मागे नको, पाकिटावर. प्रतीवर दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात, आणि नेमकी ती नंबरपाटीवरच येतात.